बोलणारं केंद्र गाणारं होताना

कोपरखैरणेतल्या एका शैक्षणिक संस्थेचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. तिथे मी कार्यक्रम समन्वयक म्हणून काम करते. 30 मार्च 2025 ला, गुढीपाडव्याच्या सकाळी, आमचं केंद्र बोलण्याकडून गाण्यांकडे वळलं. त्याआधी दिवसभर मुलाखती, डॉक्टरांचे सल्ले, कायद्याची माहिती आणि श्रोत्यांचे फोन असं चालायचं. आता तासातली चाळीसेक मिनिटं संगीत असतं. हे करायचं ठरलं तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. खासगी एफएमचं गणित वेगळं, आकाशवाणीचं वेगळं. आमच्याएवढ्या लहान केंद्राने हे कसं करावं याबद्दल मराठीत लिहिलेलं काही हाती लागेना. म्हणून घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. "चला, आता गाणी लावू" एवढ्याने हे होत नाही. गाण्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला विचारावं लागतं, आणि ज्यांचं बोलणं आपण कमी करतो त्यांनाही.

आधी केंद्राबद्दल थोडं. कम्युनिटी रेडिओ आपल्याकडे 2002 मध्ये शैक्षणिक संस्थांना खुला झाला आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती 100 वॅट, अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त 30 मीटर उंच. एवढ्यात साधारण पाच ते दहा किलोमीटर आवाज जातो. आमचा आवाज उत्तरेला ऐरोलीपर्यंत, दक्षिणेला तुर्भे-सानपाड्यापर्यंत नीट पोहोचतो. पूर्वेला पारसिकचा डोंगर आडवा येतो. या टापूत माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत, घणसोली, गोठिवली, तळवली ही जुनी आगरी गावं आहेत, खाडीकाठचे कोळी आहेत, एमआयडीसीतले कामगार आहेत आणि नव्या टॉवरमध्ये राहायला आलेली कुटुंबंही.

जून 2024 मध्ये कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन आम्ही घरोघर फिरलो. पाऊस नुकता सुरू झाला होता, फॉर्म भिजत होते. विचारायचे प्रश्न मोजकेच ठेवले: रेडिओ कधी लावता, कशावर ऐकता, हातात तेव्हा कोणतं काम असतं? या शेवटच्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. शिलाई मशीनवर बसलेल्या, भाकऱ्या थापणाऱ्या, वाशीच्या मार्केटमध्ये गोणी उतरवणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाची मुलाखत अर्धीच ऐकू येते. मधून रेडिओ लावला तर कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय, काही कळत नाही. घणसोलीच्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, तुमचं चांगलं असतं गं, पण धरून ठेवावं लागतं." गाणं मधूनच सापडलं तरी चालतं. शिवाय रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या माथाडी बांधवांना त्या वेळी सल्ला नको असतो.

तुमच्या केंद्रावर असं काही करायचं असेल तर सर्वेक्षण ऑफिसात बसून फोनवर करू नका. रेडिओ घरात कुठे ठेवलाय ते डोळ्यांनी बघा. आम्हाला तो फ्रिजवर, पानाच्या टपरीत, रिक्षाच्या हँडलपाशी दिसला. मोबाइलवर एफएम ऐकायचं तर वायरचे इअरफोन लागतात, कारण तीच वायर अँटेनाचं काम करते. आणि तसे इअरफोन आता फार थोड्या तरुणांकडे उरलेत. म्हणजे आमचा श्रोता साध्या रेडिओ सेटवरचा आहे हे तिथेच स्पष्ट झालं. पुढचे कितीतरी निर्णय त्यावर ठरले.

जुलैच्या सुरुवातीला विषय सल्लागार आणि कार्यक्रम समितीपुढे ठेवला. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने कम्युनिटी रेडिओची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार या समितीत किमान निम्म्या महिला हव्यात. आमच्या समितीत बचत गटाच्या ताई आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक धवलारीण (आगरी लग्नात विधींची गाणी गाणाऱ्या) आहेत. चर्चा लांबली. संस्थेच्या विश्वस्तांना भीती होती की आपण चित्रपटगीतं लावणारं आणखी एक स्टेशन होऊन बसू. माझ्याही मनात तीच भीती होती. पण परवान्यासाठी सरकारसोबत झालेला करार पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की तसं होणं शक्यच नाही. किमान 50 टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत, ही अट बोलण्याला आहे तशीच संगीतालाही आहे. गाणी लावायची तर त्यातही इथल्या माणसांनी गायलेली भरपूर हवीत. त्या एका अटीने आमचा रस्ता आखून दिला.

मुलाखतींऐवजी संगीत लावायला वेगळी परवानगी मागणारं कलम आमच्या करारात नव्हतं. परवाना फ्रिक्वेन्सीचा, शक्तीचा आणि जागेचा असतो. तरीही समितीचा ठराव, नवं वेळापत्रक आणि स्थानिक सहभागाचा तक्ता असं सगळं एका पत्रासोबत आम्ही केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला कळवलं. उत्तराची वाट बघत थांबलो नाही, पण पोच जपून ठेवली. तपासणीच्या वेळी अशी कागदं फार उपयोगी पडतात. प्रसारित झालेलं सगळं ध्वनिमुद्रण तीन महिने सांभाळून ठेवायचं हा नियमही आहेच. संगीताच्या फाइल बोलण्यापेक्षा जड असतात, म्हणून दोन टेराबाइटची जादा हार्ड डिस्क आधीच घेतली. तिला साडेपाच हजारांच्या आसपास पडले.

17 जुलैला आषाढी एकादशी होती. त्या आठवड्यात माथाडी वसाहतीतल्या एका भजनी मंडळाला स्टुडिओत बोलावलं. मंडळातली बहुतेक मंडळी मूळची सातारा आणि जुन्नरकडची. पहाटे मार्केटमधून सुटून, आंघोळ करून, टाळ-पखवाज घेऊन ती आली. गायली अप्रतिम. पण ते ध्वनिमुद्रण ट्रान्समीटरमधून पाठवलं तेव्हा टाळ वाजला की गाणाऱ्यांचा आवाज खाली बसायचा आणि टाळ थांबला की पुन्हा वर यायचा. लाटेवर होडी हलावी तसं ते ऐकू येत होतं. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या आमच्या दादाने कारण शोधून काढलं. एफएममध्ये प्रक्षेपणाआधी वरच्या पट्टीच्या ध्वनिलहरी मुद्दाम वाढवतात, त्याला प्रीएम्फसिस म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी 50 मायक्रोसेकंदांचं मानक आहे. रेडिओ सेट त्या पुन्हा कमी करतो, त्यामुळे खरखर घटते. बोलण्यात एवढा वरचा आवाज नसतो, म्हणून इतकी वर्षं काही जाणवलं नव्हतं. टाळ, झांज, घुंगरू मात्र नेमके तिथेच वाजतात. त्या वाढलेल्या आवाजाला आवर घालताना लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारं यंत्र) सगळ्यालाच खाली दाबत होता.

उपाय यंत्रापेक्षा बैठकीत सापडला. टाळकऱ्यांना मागच्या भिंतीपाशी बसवलं, गायकांना माइकच्या जवळ आणलं, पखवाजाला वेगळा माइक दिला आणि मुद्रण झाल्यावर वरच्या लहरी थोड्या उतरवल्या. दोन चांगले कंडेन्सर माइक, चार चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, स्टँड आणि केबल मिळून 48 हजारांच्या घरात खर्च गेला. संकलनासाठी ऑडॅसिटी आणि प्रसारणाच्या यादीसाठी रेडिओडीजे वापरतो, दोन्ही मोफत आहेत. खोलीचा घुमा कमी करायला महागडे फोम लावले नाहीत. समितीतल्या ताईंनी जाड गोधड्या दिल्या, त्या बांबूच्या चौकटींवर ताणून भिंतींपाशी उभ्या केल्या.

त्याच सुमारास स्टिरिओचा प्रश्न आला. संगीत म्हटलं की स्टिरिओ हवं असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. पण स्टिरिओ प्रक्षेपण लांबवर मोनोपेक्षा जास्त खरखरतं. आम्ही चाचणी घेतली आणि रेडिओ घेऊन ऐरोली-दिघ्याच्या बाजूला गेलो. मोनोमध्ये स्वच्छ येणारं गाणं स्टिरिओत पार खराब झालं. आमचा श्रोता एका स्पीकरच्या सेटवर ऐकतो, मग दोन कानांसाठी टोकाची वस्ती का गमवायची? मोनोच ठेवलं. स्टिरिओ एन्कोडरचे पैसे वाचले, ते कलाकारांच्या मानधनाकडे वळवले.

ऑगस्टमध्ये कॉपीराइटचं काम हातात घेतलं आणि खरी झोप उडाली. एका वकिलांचा सल्ला घेतला. त्यांनी पाच हजार रुपये घेतले आणि दोन तास शांतपणे समजावून सांगितलं. त्यांच्याकडून जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

एका गाण्यात एक हक्क नसतो. शब्दांचा हक्क कवीकडे, चालीचा संगीतकाराकडे, आणि मुद्रित आवाजाचा सहसा ध्वनिमुद्रण कंपनीकडे. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून वेगळा हक्क. शब्द आणि चालीचा हक्क त्या-त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर 60 वर्षं, आणि मोजणी पुढच्या जानेवारीपासून. म्हणजे 1964 मध्ये निघालेल्या तबकडीवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क 2024 च्या अखेरीस संपला. पण त्या तबकडीवरचे शब्द गदिमांचे असतील तर ते मोकळे नाहीत. गदिमा 1977 मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 च्या अखेरपर्यंत आहे. उलट तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण कुणी अलीकडे बांधलेली त्याची चाल आणि कंपनीने काढलेलं ध्वनिमुद्रण सगळ्यांचं नाही. तोच अभंग वसाहतीतल्या मंडळाने वारकरी परंपरेच्या चालीत गायला तर फक्त त्या मंडळाची संमती लागते. बहिणाबाईंच्या कविता आता मुक्त आहेत, म्हणून कॉलेजच्या मुलींना आम्ही त्यांना स्वतःच्या चाली लावायला सांगितलं. त्यातून सहा गाणी तयार झाली. त्यांतलं एक तर आमच्या केंद्रावर सगळ्यात जास्त मागणीचं आहे.

शब्द आणि चालींच्या हक्कांचं काम आयपीआरएस ही संस्था बघते. ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएलसारख्या संस्था आहेत, काही कंपन्या थेट परवाना देतात. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 31डी आलं. त्यात प्रसारकांसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे: आधी नोटीस द्यायची, ठरलेल्या दराने रॉयल्टी भरायची, नोंदी ठेवायच्या. नियमांप्रमाणे ही नोटीस प्रसारणाच्या पाच दिवस आधी हक्कधारकाला आणि कॉपीराइट निबंधकांना द्यावी लागते. दर कसा ठरतो याचा मात्र मोठा इतिहास आहे. 2010 मध्ये कॉपीराइट बोर्डाने खासगी एफएमसाठी ध्वनिमुद्रणांची रॉयल्टी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के ठरवली. बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाच्या 31 डिसेंबर 2020 च्या आदेशाने प्रत्यक्ष वाजलेल्या संगीताच्या तासांवर मोजणी आली. पुढे ज्या मंडळाने तो आदेश दिला ते मंडळच 2021 मध्ये बरखास्त झालं. आणि 28 एप्रिल 2023 ला मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ध्वनिमुद्रण वाजवताना गीतकार-संगीतकारांनाही रॉयल्टी द्यावी लागते. कंपनीला पैसे दिले म्हणजे सगळं भागलं, हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

वकिलांचा सल्ला असा होता की आमच्यासारख्या लहान केंद्राने मोठ्या यादीच्या मागे लागू नये. लागतील तेवढीच गाणी निवडावीत आणि लेखी परवानगी घ्यावी. आम्ही ऑगस्टच्या अखेरीस पत्रं पाठवली. केंद्र विनानफा आहे याचा पुरावा, परवान्याची प्रत, प्रक्षेपणाचं क्षेत्र, दररोज किती मिनिटं बाहेरचं संगीत वाजेल याचा अंदाज आणि मागच्या वर्षीचं जाहिरात उत्पन्न, एवढं जोडलं. काहींचं उत्तर महिन्याभरात आलं. एका ठिकाणाहून तीन महिने काहीच नाही, मग पुन्हा सगळी कागदं मागवली. तो काळ मनाला फार जड गेला. एका कंपनीने जुन्या भावगीतांच्या यादीसाठी वर्षाला 25 हजार सांगितले, बोलणी करून 18 हजारांवर आलं. तुम्ही पत्र लिहाल तेव्हा "लहान केंद्र आहोत, सवलत द्या" एवढंच लिहू नका. मिनिटांचा आकडा द्या. समोरच्या माणसाला त्याच्या वरिष्ठांपुढे ठेवायला तोच लागतो.

ऑनलाइन प्रसारणाबद्दलही सांगते. आमचं केंद्र ॲपवरही ऐकू यायचं. कलम 31डी इंटरनेटवरच्या सेवांना लागू होत नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये एका खटल्यात दिला आणि 2022 मध्ये खंडपीठाने तो कायम केला. त्यामुळे आता बाहेरचं ध्वनिमुद्रण लागलं की ॲपवरचं प्रसारण थांबतं आणि तिथे आमच्याच लोकांची मुद्रित गाणी वाजतात. परदेशी गेलेल्या मुलांना याचं वाईट वाटलं. काहींनी कळवलंही. पण आईवडिलांच्या वस्तीतलं भजन त्यांना मिळतंय.

15 ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि सरकारी जनजागृतीच्या जाहिराती बंद झाल्या. आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग तोच. 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातीची मर्यादा तासाला 7 मिनिटांवरून 12 मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये केला. कागदावर तासाला पाच हजारांहून जास्त होतात. प्रत्यक्षात एवढ्या जाहिराती कुणाकडेच नसतात, आणि आचारसंहितेत तर जवळपास शून्य. त्या काळात कलाकारांचं मानधन देता यावं म्हणून आम्ही मुद्रणाची गती कमी केली. बदलाची तारीख ठरवताना निवडणुकीचं वेळापत्रक जरूर बघा.

तुळशीचं लग्न झालं आणि ज्याची मी सगळ्यात जास्त वाट बघत होते ते काम आलं. आगरी लग्नात धवला गातात. लग्नाचा एकेक विधी धवलारीण गाऊन लावते. समितीतल्या धवलारीण आजींना मी जुलैपासून स्टुडिओत या म्हणत होते. त्या दरवेळी नाही म्हणायच्या. एकदा शांतपणे बोलल्या, "धवला लगनाचा हाय. तो मांडवान गावाचा, असा उगाच नाय." त्यांच्या लेखी ते गाणं म्हणजे विधी होता, आणि विधी रिकाम्या खोलीत होत नाही. मग आम्हीच मांडवात गेलो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोठिवलीत एका घरी हळद होती. वधूच्या आईवडिलांची, आजींची आणि सोबत गाणाऱ्या बायकांची आधी संमती घेतली. माइक मांडवाच्या खांबाला बांधला, लाउडस्पीकरवाल्या दादांना तेवढा वेळ थांबायची विनंती केली. ते थांबले. मागे भांड्यांचा आवाज आहे, पोरांचा गलका आहे, हसणं आहे. आम्ही त्यातलं काही काढलं नाही. समितीत ठरलं की हे ध्वनिमुद्रण फक्त लग्नसराईच्या दिवसांत लावायचं, एरवी नाही. ही अट आम्ही संमतिपत्रातही लिहिली.

संमतिपत्राबद्दल विचारलं जातं म्हणून सांगते. एकच पान, मोठ्या अक्षरात, मराठीत. गाणाऱ्याचं नाव, काय गायलं, कुठे आणि कधी, केंद्रावर किती वर्षं वाजवू, ॲपवर वाजवू की नाही, दुसऱ्या कुणाला देणार नाही, मानधन किती, आणि पुढे नको वाटलं तर काढायला सांगण्याचा अधिकार. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि ते वाचणं, त्यांचं "हो" म्हणणं, तेही मुद्रित करून ठेवलं. मंडळाला दोन हजार, एकट्या गायिकेला एक हजार असं मानधन दिलं. रक्कम छोटी आहे, मला ती अजूनही कमी वाटते. पण बहुतेकांना गाण्यासाठी पाकीट पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते घेताना त्यांचे चेहरे मी पाहिलेत.

जानेवारी 2025 पासून बोलणाऱ्या मंडळींशी बोलायची वेळ आली. हे मी महिनाभर पुढे ढकलू शकले असते, पण त्यांना वेळापत्रकाच्या कागदावरून कळणं योग्य नव्हतं. प्रत्येकाकडे घरी जाऊन सांगितलं. महिलांच्या आरोग्यावर बोलणाऱ्या डॉक्टरताईंचा अर्धा तास आता दोन मिनिटांचा होणार होता. त्या आधी नाराज झाल्या. मग म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट सांगायची, असं ना?" आणि रक्तक्षयावरचे इतके नेटके तुकडे बसवले की आता ते दिवसातून चार वेळा गाण्यांच्या मध्ये लागतात. घरकामगार बायका त्यातलं लोहाच्या गोळीबद्दलचं वाक्य तोंडपाठ सांगतात. कायद्याच्या फोन-इनचे काका मात्र थांबले. लोकांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंच आहे. त्यांच्या शेवटच्या भागाला आम्ही वेळेची मर्यादा ठेवली नाही. फोन संपेपर्यंत प्रसारण चालू राहिलं. आता ते महिन्यातून एका शनिवारी केंद्राच्या सभागृहात बसतात, लोक समोर येऊन विचारतात. त्याची घोषणा आम्ही गाण्यांच्या मध्ये करतो.

काही बोलणं हलवायचं नाही हेही ठरलं. भरती-ओहोटीच्या वेळा, पाणी कधी येणार नाही, रविवारी ट्रान्स हार्बर मार्गावर मेगाब्लॉक आहे का, हे दर सकाळी ठरल्या वेळी येणारच. सानपाड्याकडचे कोळी बांधव भरतीच्या वेळेसाठीच रेडिओ लावतात. बातम्या आम्ही स्वतः देऊ शकत नाही. आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी, काही न बदलता घेता येतात, तेवढीच घेतो. पण हवामान, पाणी, वीज, वाहतूक, परीक्षा ही माहिती द्यायला मुभा आहे. गाण्यांच्या केंद्रावर हीच माहिती जास्त नीट ऐकली जाते असा आमचा अनुभव आहे, कारण ती येते तेव्हा रेडिओ आधीच चालू असतो.

फेब्रुवारीत रविवारी चाचणी प्रसारणं केली. त्यात सगळ्यात अवघड गोष्ट निवेदन निघाली. बोलक्या केंद्रावरच्या आमच्या निवेदकांना गाण्याच्या आधी किती बोलायचं ते कळेना. तेव्हा कायद्यानेच हात दिला. कलम 31डी नुसार गाण्याबरोबर गीतकार, संगीतकार आणि मुख्य कलाकारांची नावं सांगावी लागतात. आम्ही ती पद्धत सगळ्याच गाण्यांना लावली, आमच्या भजनी मंडळांनाही. कोणत्या वसाहतीतलं मंडळ, पखवाजावर कोण, चाल कुणाकडून आली, एवढं सांगायचं आणि गाणं लावायचं. पखवाज वाजवणाऱ्या एका मामांनी स्वतःचं नाव पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा ते मार्केटमध्ये गाडीवर माल चढवत होते. दुसऱ्या दिवशी केंद्रावर आले आणि बराच वेळ नुसते बसून राहिले.

गुढीपाडव्याला सकाळी सहा वाजता प्रसारण सुरू झालं. मी आदल्या रात्री घरी गेले नव्हते. यादी पुन्हा पुन्हा तपासत होते, आवाजाची पातळी सगळ्या फाइलना सारखी केली आहे ना ते बघत होते. हे काम आधीच करा; वेगवेगळ्या काळातली ध्वनिमुद्रणं एकामागून एक लावली की श्रोत्याला सतत बटण फिरवावं लागतं. पहिला फोन साडेसहाला आला. रबाळ्याच्या एका बाईंनी विचारलं की डॉक्टरताई कुठे गेल्या. त्यांना म्हटलं, सव्वासातला येतील. त्या तेव्हा पुन्हा फोन करून म्हणाल्या, "आल्या."

एप्रिलमध्ये तक्रारीही आल्या. काही ज्येष्ठ श्रोत्यांना दुपारची मुलाखत हवी होती. त्यांचं ऐकून आठवड्यातून एक दिवस, बुधवारी दुपारी दोन वाजता, अर्ध्या तासाची मुलाखत परत आणली, मधे दोन गाणी घालून. काहींना नवी चित्रपटगीतं हवीत. त्यांना का लावत नाही ते प्रसारणातच सांगितलं, कुठला हक्क कुणाकडे असतो तेही. त्या भागानंतर दोन तरुण गायक आपणहून आले. त्यांची स्वतःची गाणी आहेत, शब्द-चाल-आवाज सगळं त्यांचंच. त्यांच्यासाठी आता शुक्रवारची संध्याकाळ राखून ठेवली आहे.

पहिल्या तिमाहीचा हिशोब जुलैमध्ये तयार केला. प्रत्येक वाजलेल्या गाण्याची तारीख, वेळ, मिनिटं, गीतकार, संगीतकार, गायक, ध्वनिमुद्रणाचा मालक आणि परवानगीच्या पत्राचा क्रमांक असे रकाने आहेत. हे रोज भरायला निवेदकाला पाळी संपल्यावर वीसेक मिनिटं लागतात. साठवून भरायला गेलं तर नावं हरवतात. ज्या ठिकाणाहून तीन महिने उत्तर नव्हतं तिथूनही मे महिन्यात परवानगी आली, पुढच्या वर्षीचा अर्ज फेब्रुवारीतच करा असा निरोपही आला. तो अर्ज मी आताच भरून ठेवला आहे. या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर तळवलीत एक हळद आहे, आजींनी तिथली तारीख कळवली आहे; संमतिपत्रांच्या प्रती आणि मोठ्या केबलची व्यवस्था दिवाळीआधी करायची आहे.